परसातलं खाचर

मोखाड्याकडच्या माणसाकडे सपाट जागा मागू नये. पाय ठेवाल तिथं चढ, नाहीतर उतार. चार हात सपाटी कुठं दिसलीच तर ती आज्या-पणज्यांनी बांध घालून केलेली असते, आणि तिच्यात भात असतं. वरकसात नागली-वरई आणि खाली खाचरात भात, अशी आमची जुनी वाटणी.

२०१४ साली जुलैच्या शेवटी टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली. आमच्या पाड्यात तेव्हा दोनच टीव्ही होते. १ ऑगस्टला आम्ही ठाणे जिल्ह्यातून निघून पालघर जिल्ह्यात गेलो, पण त्याची चर्चा मोठी माणसं करत होती. पोरांच्या तोंडी दुसरंच काहीतरी. एका संध्याकाळी पाड्यातल्या पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, मैदान करून द्या."

घरामागं आमचं एक खाचर आहे, नीट एक गुंठ्याचं. त्या साली आवणीला रोप कमी पडलं म्हणून ते मोकळंच राहिलं होतं. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, ते त्यात बसेना. बायकांचं १२ बाय ८, म्हणजे ९६ चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे १०१. "मंग हे आमचंच," असं म्हणून पोरी मोकळ्या झाल्या आणि पोरगे रस्त्याकडं गेले.

बाबांना विचारायची माझी छाती होईना. एक गुंठा म्हणजे वीस-पंचवीस किलो भात. फार नाही, पण आमच्या घरात तेवढं भात कुणी हसण्यावारी नेत नाही. शेवटी आईनंच विषय काढला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "जागा देतो. पण ती माती तुझं ऐकायची नाय."

ते खरंच झालं. मी दोन ट्रॉल्या मुरूम आणून त्या ओल्या चिकणमातीवर पसरला. आठ दिवसांत मुरूम गायब! भाताला वर्षानुवर्षं चिखलणी करून ती जमीन लोण्यासारखी झालेली, वर टाकाल ते गिळणार. पोरी खेळायला उतरल्या की घोट्यापर्यंत रुतायच्या. पावसाची उघडीप झाली की तीच माती सुकून भेगाळायची, आणि त्या भेगेत एकीचा पाय मुरगळला. तिच्या आईनं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

दिवाळीच्या आधी बाबांनी न सांगताच खळं करायला घेतलं. गवत तासलं, पाणी मारलं, माती जरा वळली की चोपण्यानं चोपून काढली. वरून शेणकाला. दोन दिवस सुकू दिलं, पुन्हा चोपलं. मळणीसाठी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. मला आपली उगीच वाटत होतं की मैदान म्हणजे काही वेगळी विद्या असेल. चिकणमाती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, अशा दोन-तीन दिवसांतच ती माणसाचं ऐकते. ते दिवस ओळखता आले पाहिजेत. मैदान झकास झालं. पोरींनी राखेनं रेषा मारल्या.

आणि मग ट्रक आला. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आमच्याकडची माणसं दिवाळीनंतरच जातात. उचल आधीच घेतलेली असते. भांडी, कोंबड्या, पोरं सगळं एकाच ट्रकात. पंधरा पोरींतल्या नऊ गेल्या, उरल्या सहा. एका बाजूला सात लागतात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवाळी ते मे मैदान खणखणीत, पण तेव्हा पोरी भट्टीवर. जूनला पोरी घरी, पण तेव्हा मैदानाचा चिखल. म्हणजे मैदान पावसातच चाललं पाहिजे, नाहीतर ते कुणासाठी?

मेच्या शेवटी माणसं परतली. पावसाला दहा-बारा दिवस होते. पहार-कुदळी घेऊन फूटभर माती काढायची ठरली. एक फूट म्हणजे दहा ब्रास! वाळलेली चिकणमाती पहारीलाही दाद देत नाही, अंगातून ठिणग्या निघतात. सगळ्यांत जास्त खणलं ते आमच्या चढाईच्या पोरीनं. सहा महिने विटांचा गारा तुडवून आलेली. म्हणाली, "काका, तिकडं माती आत टाकायची, इथं बाहेर काढायची, एवढाच फरक."

खड्डा झाला. मी दगड भरायला निघालो तर बाबांनी हात धरला. "मैदान करतोस का विहीर?" बरोबर होतं त्यांचं. चिकणमातीतल्या खड्ड्यात पाणी साठणार, ते जाणार कुठं? मग खड्ड्याच्या तळापासून बांध फोडून खालच्या खाचरात चर काढला. वरच्या अंगाला दुसरा चर, डोंगराचं पाणी बाहेरूनच वळवायला. तळाला दगड, त्यावर मुरूम, वर चाळलेली तांबडी माती, तूस आणि शेणखत कालवून. मधोमध दोन बोटं उंच, दोन्हीकडं उतार. काढलेली चिकणमाती बाबांनी एक घमेलं वाया जाऊ दिली नाही, सगळ्या खाचरांचे बांध लिंपून घेतले. त्या साली आमच्या बांधातून थेंब झिरपला नाही.

श्रावणात पाऊस थांबला की तासा-दीड तासात पोरी खेळायला उतरायच्या. राख टिकेना म्हणून रेषांना काथ्याची दोरी ठोकली. पंधरापैकी चौदा होत्या.

ती चढाईची पोर पुढच्या उन्हाळ्यात भट्टीवरून परत आली नाही. तिकडंच लग्न लावलं म्हणे. वय विचारलं तर तिच्या बापानं उत्तर दिलं नाही, आणि मीही फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

मैदानाचा खालचा कोपरा अजून दर पावसाळ्यात खचतो. तिथं आम्ही दगड कमी भरला होता, घाईत. मे महिन्यात परत आल्या की पोरी तिथं मुरूम टाकतात, धुम्मस करतात. मला विचारतही नाहीत.