भुंडीचा वाटा

भुंडीला शेपूट नव्हतं. तलंग असतानाच एका रात्री मुंगसानं खुराड्याच्या फळीखालून तिला मागून धरलं. आजी कंदील घेऊन धावली तेव्हा मुंगूस पळालं, पण शेपटी मांसासकट घेऊन गेलं. आजीनं जखमेत हळद दाबली. जखम भरली, पिसं मात्र तिथं पुन्हा उगवली नाहीत. ही २००३ सालची गोष्ट. तांबूस अंगाची ती कोंबडी पुढं सात वर्षं सुप्यातल्या आमच्या अंगणात होती.

पारनेर तालुका अवर्षणाचा. बाजरी आली तर आली. दुधाचे, कांद्याचे पैसे बाप्यांच्या हातात जायचे. अंड्यांचे मात्र बाईचे. आजी ते डाळीच्या डब्यात ठेवायची. माझी पहिली कंपासपेटी त्या डब्यातून आली, म्हणून मला कोंबड्यांविषयी लहानपणापासून एक आदर आहे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. बारा-पंधरा घातली की खुडूक होते, मग पिसं फुगवून बसते आणि जवळ गेलं की चोच मारते. शेडमधल्या कोंबड्यांपुढं हा हिशेब अगदी तोकडा, पण गावरानला दाणा विकत आणावा लागत नाही. जात्याखालची कणी, उकिरड्यातले किडे, खळ्यात सांडलेली बाजरी यांवर तिचं भागतं.

दिवस मावळताना कोंबड्या डालायच्या वेळी आळीतल्या बायका आपापल्या कुडापाशी उभ्या राहायच्या. दिवसभराची खरी बोलणी तेव्हाच व्हायची.

“भरल्या का गं सगळ्या?”

“एक कमी हाय. तुमच्याकडं आली का काळी?”

“तुमचीच भुंडी बसलीय आमच्या गव्हाणीत. या घेऊन.”

हे शेवटचं वाक्य शेजारच्या काकीचं. भुंडीनं अंडं घालायला स्वतःच्या खुराड्याऐवजी काकीची गव्हाण निवडली होती. कडब्याची ऊब, बैलाचा आडोसा. कोंबडीच्या दृष्टीनं जागा चांगलीच होती. पण अंडं कुणाचं? गव्हाण काकीची, कोंबडी आजीची. पहिल्या वर्षी यावरून महिनाभर अबोला झाला. त्या महिन्यातही काकी अंडं कुडावर ठेवून जायची आणि आजी ते मुकाट्यानं उचलायची. अबोला कधी आणि कसा संपला ते मला आठवत नाही. पुढं मात्र तीन अंडी आजीची, चौथं काकीचं, असं आपसूक ठरून गेलं.

बोलण्याचे विषय ठरलेले असायचे. कुणाचा कोंबडा अंगावर येतो, कुणाच्या कोंबडीनं अंडं फोडून खायची खोड लावून घेतली. खुडूक मोडायची तर नाकात पीस घालावं की गार पाण्यात बुडवावं. कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडून घार आली की साऱ्या अंगणांतून एकदम हाळी उठे, आणि भुंडी आपल्या पिल्लांबरोबर दुसऱ्यांचीही पिल्लं पंखाखाली घेई. उन्हाळ्यात मानमोडी आली की आवाज खाली यायचे. हिरवट शिट, वाकडी मान, दोन दिवसांत खुराडं रिकामं. या रोगाचं पुस्तकातलं नाव रानीखेत, कुमाऊँमधल्या गावावरून पडलेलं, हे मला फार पुढं कळलं. एका वर्षी आमच्या नऊ कोंबड्यांपैकी दोनच वाचल्या. त्यांत भुंडी होती. त्यानंतर आजी लासोटाच्या लसीचा थेंब डोळ्यात घालून घ्यायला कधी चुकली नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशात पहिल्यांदाच. टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि मारलेल्या कोंबड्यांचे ढीग दिसू लागले. पुण्याहून काकांचा फोन आला, “आई, सगळ्या पुरून टाक.” अंडं फुकट दिलं तरी कुणी घेईना. आजीनं कोंबड्या महिनाभर आत कोंडल्या, खुराड्याला चुना मारला, दाणा टाकला की साबणानं हात धुतले. पुरलं कुणालाच नाही. संध्याकाळी कुडापाशी बायका उभ्या राहायच्या खऱ्या, पण बोलण्यासारखं कुणाजवळ फारसं काही नसायचं.

२००८ नंतर भुंडीची अंडी थांबली. आखाडात वडील म्हणाले, “आता ठेवून काय करायची?” आजी उठून आत गेली, आणि तो विषय घरात परत निघाला नाही. भुंडी अंडी देत नव्हती, पण खुडूक मात्र बसायची. मग आळीतल्या बायका पदरात अंडी घेऊन येऊ लागल्या. टोपलीत राख, राखेवर भुसा, त्यावर अकरा अंडी, विजेच्या भयानं एक लोखंडी खिळा, आणि वर भुंडी. सातव्या दिवशी आजी कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हात एकेक अंडं धरायची. आत तांबड्या शिरा दिसल्या की परत ठेवायची, नितळ दिसलं की बाजूला. एकविसाव्या दिवशी पिल्लं. निम्मी अंडीवालीची, निम्मी भुंडीची, म्हणजे आजीची. या अर्धलीत कधी भांडण झाल्याचं मी पाहिलं नाही.

२०१० च्या मे महिन्यात ती काकीच्या अंड्यांवर बसली होती. बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, दाणा-पाणी करून लगेच परतते. त्या उन्हात तेवढंही ती उठेनाशी झाली. आजी वाटीतून पाणी तिच्या चोचीशी धरायची. अठराव्या दिवशी पहाटे मान पंखावर टाकलेली भुंडी थंड झाली होती, आणि खालची अंडी कोमट होती.

शेवग्याखाली खड्डा मी केला. काकीनं अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवून पाहिली. ती खुडूक नव्हती, पळाली. मग काकीनं टोपली चुलीजवळ नेली, वरून गोधडीचा तुकडा घातला आणि तीन रात्री तिथंच पाठ टेकली. रात्री उठून अंड्यांना हात लावून ऊब बघायची. अकरातली चार फुटली.

दोन दिवसांनी काकी कुडापाशी आली. पदरात दोन पिल्लं होती.

आजी म्हणाली, “अगं, कोंबडीच राहिली नाही, आता अर्धल कसली?”

“अठरा दिवस कोण बसलं होतं?” असं म्हणून काकीनं पिल्लं आजीच्या ओंजळीत सोडली, आणि आपल्या कोंबड्या डालायला गेली.