हुपरीची झाळ

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन झालं की गुजरीत पैंजण पाहायला थांबणं आलंच. पण ते घडतात कुठं, हे पाहायचं तर हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला जायला हवं. गल्लीगल्लीत बायका ओसरीवर चांदीच्या कड्या गुंफताना दिसतात. पोळ्या आटोपल्या की हेच काम!

माझी मामेबहीण तिथंच दिलीय. तिच्या सासूबाई शेजारच्या सुनांना झाळकाम शिकवतात. कड्या गुंफण्यापेक्षा झाळण्याला मजुरी जास्त ना! शाळेला सुट्टी होती, मीही दोन दिवस शेजारी बसले.

चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते. झाळीत चांदीबरोबर तांबं-जस्त असतं, म्हणून ती आधी वितळते. सारी मेख या फरकात. कडीची टोकं घट्ट भिडवायची. फट राहिली तर झाळ ती भरत नाही. टाकणखार लावला की सांध्याला हवा लागत नाही, तो काळा पडत नाही. ज्योत एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची. "मंद लाल दिसली की थांब गं," काकू म्हणतात, अन् झाळ पाण्यासारखी सांध्यात पळते. जरा उशीर, की कडीचा गोळा!

कॅडमियमची झाळ आणखी लवकर वाहते, पण तिच्या धुरानं फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब होतात. काकू ती घरात येऊ देत नाहीत. काम रेंगाळतं म्हणून व्यापारी कुरकुरतो, तो कुरकुरू दे! धाकट्या सुनेला दिवस गेलेत. तिला रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासायला लांब बसवलंय. तिचे डोळे मात्र ज्योतीवरच.