साच्यातून आलेली हाडं

छोट्या शिकारी डायनोसॉरची हाडं पोकळ, पातळ भिंतींची. दगड झाली तरी ठिसूळच. खऱ्या हाडाला भोक पाडून सळई घालणं म्हणजे पुरावाच नासवणं. म्हणून संग्रहालयाच्या दालनात उभा असतो तो बहुधा ओतीव सांगाडा: मूळ हाडावर सिलिकॉन रबराचा साचा, त्याला बाहेरून फायबरग्लासचं कवच, साच्यात रेझिन. सळई ओतीव हाडाच्या आतच दडवता येते.

*

न्यू मेक्सिकोतलं घोस्ट रँच. १९४७ साली तिथे सीलोफायसिस या छोट्या शिकारी डायनोसॉरचे सांगाडे ढिगाने सापडले, एकमेकांवर पडलेले, दबून चपटे झालेले. त्यांतून उभा प्राणी घडवायचा तर छातीची गोलाई कारागिरालाच ठरवावी लागते. प्रतिकृतीचा खरा कस मला इथे दिसतो.

*

उभी प्रतिकृती बघताना आधी हात बघावेत. जुन्या सांगाड्यांत तळवे जमिनीकडे वळलेले असतात. या प्राण्यांचं मनगट तसं फिरतच नव्हतं. तळवे समोरासमोर हवेत, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे. ओतीव हात सोडवून पुन्हा नीट बसवता येतो. चूक कळल्यावरही तो तसाच ठेवणाऱ्या संग्रहालयाचा मला राग येतो.

मग पोट. पोटाच्या कातडीखाली बारीक हाडांची जाळी असायची. जुळवायला किचकट, म्हणून पुष्कळदा गाळतात आणि प्राणी उपाशी दिसतो.

*

दुसरा शिकारी डायनोसॉर, डायनोनिकस: मोंटाना, १९६४. पुराजीवशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांना मिळालेली हाडं एकाच प्राण्याची नव्हती; उभा सांगाडा अनेकांच्या हाडांवरून जुळवलेला. शेपटीचे मणके हाडाच्या लांब काड्यांनी जखडलेले. अशी शेपटी जमिनीवर फरपटत नाही, मागे आडवी ताठ राहते. सांगाडा अनेकांचा जुळवलेला आहे हे पाटीवर लिहायलाच हवं, आणि मूळ हाडं कुठे आहेत तेही.

*

मंगोलियात १९७१ साली झुंजीतच गाडले गेलेले शिकारी व्हेलोसिरॅप्टर आणि शाकाहारी प्रोटोसेराटॉप्स सापडले. व्हेलोसिरॅप्टरचा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत. मूळ जोडी मंगोलियाची. इतर देशांतल्या बहुतेकांना ती प्रतिकृतींमुळेच भेटली.

*

व्हेलोसिरॅप्टरच्याच दुसऱ्या एका नमुन्यात, कोपराखालच्या हाडावर, ओळीने सहा बारीक उंचवटे आहेत. पिसं रुतायच्या त्या जागा. २००७ मध्ये जाहीर झाल्या. चांगलं रबर असले उंचवटेही उचलतं. रंगाचा जाड थर देऊन ते बुजवू नयेत.