मनी जेवली का?

लहानपणी पुण्याला आमच्या घरी मांजराला सक्त मज्जाव होता. दुधाचं शिंकं, आजीचं सोवळं आणि आईच्या हातातलं लाटणं, असा तिहेरी पहारा असे. मांजर आडवं गेलं की आई चार पावलं मागं फिरे. अशा माहेरची मी; आणि ह्यांच्या नोकरीपायी 2017 साली संसार मांडला तो कुठं, तर इस्तंबूलला! तिथं मांजर आडवं गेल्यावाचून माणूस घराबाहेर पडूच शकत नाही.

आमचं बिऱ्हाड कादिक्योय भागात, तळमजल्यावर. मागं अंजिराचं झाड. भाषेची मोठी धास्ती होती. पण साबणाला ‘साबुन’ आणि हवेला ‘हावा’ म्हणतात हे ऐकून जरा धीर आला. किराणा दुकानदाराला मात्र ‘बक्काल’ म्हणतात. त्याच्याकडे सामान बक्कळ असतं म्हणून असेल, अशी व्युत्पत्ती मी आपली माझ्यापुरती लावली. आणि मांजर म्हणजे ‘केदी’.

तिथल्या केद्या कुणा एकाच्या नसतात, साऱ्या आळीच्या असतात. दारोदारी त्यांच्यासाठी पाण्याची भांडी, थंडीत निवाऱ्याला फळ्यांची खोपटी. दुकानातल्या खुर्चीवर मांजर निजलं असेल तर गिऱ्हाईक बिचारं उभं राहील, पण त्याला उठवणार नाही. तोंबिली नावाचं एक गुबगुबीत मांजर पायरीला कोपर टेकून बसायचं. ते वारलं तेव्हा, 2016 साली, कादिक्योयमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला, तोही तसाच रेललेला. आपल्याकडे पुतळ्यासाठी केवढं कर्तृत्व लागतं! इथं नुसतं रेलून बसणं पुरलं.

पहिल्याच हिवाळ्यात एक करडी केदी आमच्या बाल्कनीत येऊन थडकली. शेजारच्या तेयझे, म्हणजे मावशी, म्हणाल्या, “तिनं तुम्हांला पसंत केलं आहे.” झालं! आमचं मत कुणी विचारलंच नाही. मी तिचं नाव मनी ठेवलं.

आईला फोनवर सांगितलं, तर ती कडाडलीच. “मांजर? अगं, माझ्या हाताखाली वाढलीस ना तू?” पण दोनचार महिन्यांत काय झालं कोण जाणे! दर रविवारी फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न असे, “मनी जेवली का?” माझी चौकशी त्यानंतर.

मार्च 2020 मध्ये विमानं थांबली. एप्रिलात आई गेली.

भावानं सारं एकट्यानं उरकलं. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात नुसती उभी. भिंतीपलीकडून तेयझेंना माझं रडणं ऐकू गेलं असावं. त्या बाल्कनीत आल्या आणि दुरूनच म्हणाल्या, “बाशनिझ साऽ ओल्सुन.” तुमचं मस्तक सलामत राहो, असा त्याचा काहीसा अर्थ. त्या दिवसांत कुणी कुणाला जवळ घेत नव्हतं.

दहावा दिवस नेमका शनिवार-रविवारच्या संचारबंदीत आला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. केद्या मोकळ्या आणि आम्ही कैदी! मी दहीभाताचं पान बाल्कनीत ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहत बसले. तिकडचे कावळेही निराळे, करड्या अंगाचे आणि काळ्या डोक्याचे. त्यांतला एक येऊन अंजिरावर बसला. मान वाकडी करून पाहू लागला, पण खाली उतरेना. आईची कसली इच्छा राहिली असेल? शेवटचं भेटायची? मी मनातल्या मनात हजार वचनं दिली. कावळा ढिम्म.

एवढ्यात कठड्यावरून मनी उतरली आणि सरळ पानाशी जाऊन दही चाटू लागली. मी हाकलायला हात उगारला. लाटणंच उगारल्यासारखा. आणि तो तसाच राहिला. रविवारचा तो प्रश्न कानाशी आला.

मनी पोटभर जेवली. मी पान उचललं, अंघोळ केली आणि दहा दिवसांत प्रथमच स्वस्थ झोपले.

2022 साली आम्ही पुण्याला परतलो. मनीला आणलं नाही. ती आळीची, तिला तिच्या आळीतून उचलणारी मी कोण? निघताना तेयझेंनी न बोलता तिची बशी आपल्या दाराशी नेऊन ठेवली.

आता दर रविवारी मी इस्तंबूलला फोन लावते. माझं तुर्की अजून मोडकंच आहे. पण पहिलं वाक्य मात्र न अडखळता येतं, “केदी येमेक येदी मी?” मांजर जेवलं का?

तेयझेंची प्रकृती मी त्यानंतर विचारते.