दहा मिनिटांचा थांबा

डेन्व्हरहून सकाळी निघालो. गाडी मुलगा चालवत होता, पण नेब्रास्कात बघण्यासारखं काय असणार, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हता. दोन्ही बाजूंना मका, मधूनच धान्याची उंच कोठारं. ओगलाला मागे पडल्यावर घड्याळ एक तास पुढे सरकलं आणि नॉर्थ प्लॅटला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली.

ज्या स्टेशनासाठी आलो, ते जागेवर नाहीच. प्रवासी गाड्या 1971 साली बंद झाल्या, 1973 मध्ये इमारतही पाडली. फ्रंट स्ट्रीटवर आता एक छोटं स्मारक आहे आणि पलीकडे युनियन पॅसिफिकच्या न संपणाऱ्या मालगाड्या.

पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर दहाच दिवसांनी, 17 डिसेंबर 1941 ला, नेब्रास्का नॅशनल गार्डची डी कंपनी इथून जाणार अशी गावात कुणकुण लागली. माणसं खाऊ, सिगारेटी, भेटवस्तू घेऊन जमली. गाडी आली. आत डी कंपनीच होती, पण कॅन्ससची! लोक क्षणभर घुटमळले आणि मग आणलेलं सगळं त्या अनोळखी पोरांच्या हातात दिलं. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या रे विल्सनचा भाऊ नेब्रास्काच्या कंपनीत होता. तो भेटलाच नाही. तिने घरी जाऊन स्थानिक दैनिकाला पत्र लिहिलं: इथून जाणाऱ्या प्रत्येक लष्करी गाडीसाठी आपण हे करू या. नाताळच्या दिवशी कॅन्टीन सुरूही झालं.

कॅन्ससचा किस्सा सगळेच सांगतात. मला त्याच्या पुढचं जास्त मोठं वाटतं. एखाद्या संध्याकाळी कुणाचंही मन भरून येतं. इथे ते 1 एप्रिल 1946 पर्यंत, सव्वाचार वर्षं, रोज चाललं. वारीच्या वाटेवर कुठल्या दिंडीचं जेवण कुठल्या गावाकडे हे जसं ठरलेलं असतं, तशा इथे पाळ्या लावल्या होत्या. सव्वाशेच्या आसपास गावं होती, त्यांतली काही तर शेजारच्या कोलोरॅडोतली. साखर आणि पेट्रोल रेशनवर असूनही बायका केक घेऊन यायच्या, कारण गाडीत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचाच. उकडलेली अंडी, कॉफी, शिकारीच्या फेझंट पक्ष्याचे सँडविच. पॉपकॉर्नच्या लाडवांत मुली आपलं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालत; त्यातून काही लग्नंही जुळली. एक मुलगा जनावरांच्या लिलावात अंगातला शर्ट विकून कॅन्टीनला पैसे देई.

वेळ मात्र मोजकी. वाफेच्या इंजिनाला पाणी भरून वंगण देईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. लष्करी गाड्यांच्या वेळा गुप्त असत, म्हणून रेल्वेतून फोन यायचा तो ‘कॉफी चढवलीय’ एवढाच. तेवढ्यावर बायका कामाला लागत. अशा थांब्यांत साठ लाखांहून अधिक सैनिक इथे जेवून पुढे गेले, कुणी युरोपकडे, कुणी पॅसिफिककडे. किती परतले, हे या फलाटाला कसं कळणार?

तिकडे गेलात तर गोल्डन स्पाइक टॉवर या निरीक्षण-मनोऱ्यावर चढण्याआधी लिंकन काउंटी म्युझियममधलं कॅन्टीनचं दालन बघा. मुलगाही तिथे माझ्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळला. आणि हे सगळं जुनं झालं, असंही समजू नका: 2018 च्या जूनमध्ये आर्कान्सा नॅशनल गार्डचे सुमारे सातशे सैनिक बसने जाताना इथे थांबले, तेव्हा गावाने त्यांनाही जेवू घातलं.