खिशांतली साखर

आमच्या घरांत साखरेवर जप्ती आल्याला आतां दहा वर्षें होऊन गेलीं. चहांत अर्धा चमचा, सणावारीं एकच पुरणपोळी, आणि लग्नाच्या पंक्तींत वाढपी जिलबी घेऊन आला म्हणजे पानावर आडवा धरावयाचा हात, हा आमचा गृहनियम आहे. माझ्या वडिलांना मधुमेह होता; तेव्हां मुलानें वेळींच सावध व्हावें असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि त्या सल्ल्याची अंमलबजावणी आमच्या कुटुंबानें स्वतःकडे घेतली. अशा घरांत, धुण्याला टाकलेल्या माझ्या धांवण्याच्या चड्डीच्या खिशांतून साखरेच्या पाकाची एक न फोडलेली पुडी निघावी, हा केवढा अनर्थ !

“हें काय ?” असा प्रश्न झाला.

“औषध आहे.”

“कोणत्या रोगावरचें ?”

“बेचाळीस किलोमीटर धांवण्याच्या.”

“मग तो रोगच कां नाहीं सोडीत ?”

सगळ्या चांगल्या प्रश्नांप्रमाणें याहि प्रश्नाला मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. म्हणून हा लेख.

ज्या वाचकांनीं हा पदार्थ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. बोटभर लांबीची, चकचकीत वेष्टणाची चपटी पुडी. तिचें तोंड दातांनीं फाडावयाचें आणि आंतला लगदा पिळून जिभेवर घ्यावयाचा. वजन साधारण तीस-चाळीस ग्रॅम. त्यांत वीस ते पंचवीस ग्रॅम कर्बोदकें, म्हणजे सुमारें शंभर कॅलरी. मराठींत याला अद्याप स्वतंत्र नांव मिळालेलें नाहीं; धांवणारी मंडळी त्याला ‘जेल’ म्हणतात. त्यामुळें ‘कालच्या शर्यतींत मला चार जेल झालीं’ असें वाक्य कानीं पडलें म्हणजे समोरचा गृहस्थ कोणी जुना सत्याग्रही असावा असा भास होतो. एका प्रसिद्ध अमेरिकन जेलाचें नांव तर असें आहे कीं, मराठी घरांत जेवणाच्या वेळीं तें उच्चारण्याची सोय नाहीं. अमेरिकेंत त्या अक्षरांचा अर्थ नुसता चिकट लगदा असा होतो. पण एवढा खुलासा होईपर्यंत पानावरची मंडळी उठून जावयाचीं!

हा लगदा हवा कशाला ? तर माणसाच्या देहांत शक्तीचीं दोन खातीं असतात. चरबी ही मुदतीची ठेव. तिच्या एका ग्रॅमांत नऊ कॅलरी असतात, आणि माझ्यासारख्या किरकोळ बांध्याच्या प्राध्यापकाच्या अंगावरहि ती इतकी असते कीं, नुसता हिशेब केला तर तिच्यावर कित्येक मॅरेथॉन धांवतां याव्यात. पण ठेव मोडावयाला वेळ लागतो. हातांतली रोकड म्हणजे ग्लायकोजेन. तें यकृतांत सुमारें शंभर ग्रॅम आणि स्नायूंत तीनशें ते पांचशें ग्रॅम असतें. सगळें मिळून दोन हजार कॅलरींच्या आसपास. खर्चाचा दर मात्र ठरलेला आहे: शरीराच्या दर किलो वजनामागें, दर किलोमीटरला, सुमारें एक कॅलरी. साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरसाठीं अडीच हजार कॅलरी लागतात. त्यांतला कांहीं भार चरबी उचलते. पण वेग वाढत जातो तसतसा तिचा वांटा कमी होतो, आणि तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पुष्कळांची रोकड संपते. इंग्रजींत या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात. चांगदेवांना सामोरे जाण्यासाठीं ज्ञानेश्वरांनीं भिंत चालवली होती. ही भिंतहि माणसाकडे चालत येते. फरक इतकाच कीं, तिच्यावर कोणी संत बसलेला नसतो.

या भिंतीला खिंडार कसें पाडावें, हें कळावयाला माणसाला पुष्कळ दिवस लागले. १९०४ सालीं सेंट लुई येथील ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला वाटेंत कुचल्याचें सत्त्व, अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडी देण्यांत आली होती. तो जिंकला, पण मरतां मरतां वांचला. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले हीच शर्यत धांवले आणि एकोणिसावे आले. तेव्हां थकव्याचें शास्त्र जवळजवळ नव्हतेंच. १९२४ सालीं सॅम्युएल लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनीं बोस्टनच्या शर्यतींतील धांवपटूंचें रक्त तपासून निबंध प्रसिद्ध केला. जे अगदीं गळून गेले होते त्यांच्या रक्तांतली साखर फार खालीं गेलेली आढळली. पुढच्या निबंधांत उपाय आला: आधीं कर्बोदकांचें भरपूर जेवण, आणि वाटेंत साखरेच्या साध्या गोळ्या. माणसें पहिल्यापेक्षां ताजींतवानीं पोहोंचलीं ! आतां मौज पाहा. इतकें सिद्ध होऊनहि जग तें विसरलें. पुढें कित्येक वर्षें वाटेंत पाण्याचा घोट घेणें हेंसुद्धां पुष्कळांना दुबळेपणाचें लक्षण वाटे.

१९६६ सालीं स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि हल्टमन या दोघां शास्त्रज्ञांनीं एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून एकेका पायानें ती दमेपर्यंत चालवली, आणि स्वतःच्याच मांड्यांतून सुईनें स्नायूंचे कण काढून तपासले. दमलेल्या पायांतलें ग्लायकोजेन संपलें होतें, स्वस्थ पायांतलें जसेंच्या तसें होतें. आणि पुढचे तीन दिवस कर्बोदकांचें जेवण घेतल्यावर दमलेल्या पायानें स्वस्थ पायापेक्षां दुपटीनें सांठा केला. ज्ञानासाठीं घरदार सोडणारे आपल्याकडे पुष्कळ झाले; मांडी देणारे मला तरी हे दोघेच ठाऊक आहेत. त्यानंतर, १९८० नंतरच्या दशकांत, दक्षिण आफ्रिकेंतल्या सुमारें नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीच्या निमित्तानें आजच्या जेलाचा जन्म झाला. आतां तर दुकानांत त्याचे इतके प्रकार मिळतात कीं, साड्यांच्या दुकानांत बसलेल्या नवऱ्यासारखी माझी स्थिति होते.

निवड करतांना मी तीन गोष्टी पाहतों. पहिली, साखरेची जात. आंतड्यांत ग्लुकोजला आंत घेणारें जें दार आहे त्यांतून तासाला सुमारें साठ ग्रॅमांहून अधिक माल जात नाहीं. फ्रुक्टोजला दार वेगळें आहे. म्हणून ज्यांत दोन्ही असतात तें जेल पोटाला अधिक सोसतें, आणि तासाला नव्वद ग्रॅमांपर्यंतहि मजल जाते. माझ्यासारख्या मंद माणसाला इतक्या घाईची जरुरी नाहीं. अर्ध्या-पाऊण तासाला एक पुडी पुरते. दुसरी गोष्ट पाण्याची. दाट जेल घेतल्यावर वर साधें पाणीच प्यावें. गोड सरबत प्यालें तर पोटांत पाकावर पाक होऊन तें बंड करतें. तिसरी गोष्ट कॅफीन. कांहीं पुड्यांत तें असतें, आणि ज्याला संध्याकाळच्या चहानें झोंप येत नाहीं त्यानें त्या पुडीकडे पाहूंहि नये. आणि या तिन्हींच्या वर एक नियम आहे: शर्यतीच्या दिवशीं नवें कांहीं तोंडांत घालूं नये. हा नियम मीं एकदांच मोडला. त्या दिवशींच्या माझ्या वेगाचें मित्रांना फार कौतुक वाटलें. पण मी कोठल्या इमारतीच्या शोधांत धांवत होतों हें त्यांना ठाऊक नव्हतें.

आमचे एक स्नेही आहेत. त्यांना या परदेशी लगद्याचा भारी तिटकारा. “उन्हांतून आलेल्या पाहुण्याला आपली आजी गूळ-पाणी देत असे, तिला काय शास्त्र ठाऊक नव्हतें ?” असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. गुळांत मुख्यतः ऊंसाची साखर, आणि त्या साखरेचा प्रत्येक कण म्हणजे निम्में ग्लुकोज व निम्में फ्रुक्टोज. म्हणजे दोन दारांची युक्ति आजीच्या वाटींत होतीच. मीं गूळ घेऊन धांवून पाहिलें आहे. त्याची चव जेलापेक्षां शंभर पटींनीं चांगली. पण तोंडानें श्वास घेत असतां खडा चावणें म्हणजे शंख फुंकतां फुंकतां चणे खाणें होय. शिवाय घामानें तो खिशांत विरघळतो, आणि मुंग्या शर्यतींत भाग घेतात. जेलाचा मोठेपणा एवढाच कीं, त्याला दात लागत नाहींत.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. गेल्या वर्षीं जानेवारींत मी मुंबईची मॅरेथॉन धांवलों. चार पुड्या बरोबर होत्या, आणि कोणती कोठें घ्यावयाची याचें कोष्टक मीं महिनाभर पाठ केलें होतें. तीन वेळच्या वेळीं घेतल्या. चौथीची वेळ आली तेव्हां मला छान वाटत होतें. मनांत आलें, आतांच कशाला ? अडीअडचणीला असूं द्यावी ! हा विचार माझा एकट्याचा नव्हे. चांगलीं भांडीं पाहुण्यांसाठीं, नवी चादर दिवाळीसाठीं आणि पैसा आजारपणासाठीं ठेवणाऱ्या साऱ्या मध्यमवर्गाचा तो विचार आहे. आपण ज्याला काटकसर म्हणतों ती कित्येकदां नुसती भीति असते, हें मला पेडर रोडच्या चढावर कळलें.

तो चढ एरव्हीं मोटारींतून जातांना लक्षांतहि येत नाहीं. त्या दिवशीं त्याच्या मध्यावर माझे पाय माझे राहिले नाहींत. घाम थंड झाला. उरलेले किलोमीटर मोजूं लागलों, तर साधी वजाबाकी जमेना. खिशांतून पुडी काढली, पण बोटें अशी थरथरत होतीं कीं ती फाडतां येईना. शेवटीं रस्त्याच्या कडेला बसून दातांनीं फाडली. जेल पोटांतून रक्तांत पोहोंचावयाला दहा-पंधरा मिनिटें तरी लागतात. अडचणीला ठेवलेली वस्तु अडचणीच्या आधींच वापरावयाची होती, हें त्या दहा-पंधरा मिनिटांत मीं पुरतें शिकलों.

आणि तेथें बसलों असतां मला माझे वडील आठवले.

ते एका कचेरींत कारकून होते. इन्शुलिनची बाटली शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्यें असे, आणि काचेची पिचकारी रोज सकाळीं आमच्या पातेल्यांत उकळे. त्यांच्या बुशकोटाच्या खिशांत कागदाची एक पुडी सदैव असे, तींत खडीसाखर. साखर वर्ज्य असलेल्या माणसाच्या खिशांत साखर कां, हें कोडें नऊ वर्षांच्या मला उलगडलेलें नव्हतें. मला एवढेंच ठाऊक होतें कीं, घरांत साखर मोजून मिळते आणि त्या खिशांत ती कोणी मोजीत नाहीं. एके दिवशीं सकाळीं मीं ती सगळी खाल्ली आणि कागदाची घडी होती तशी परत ठेवली.

त्या संध्याकाळीं वडील वेळेवर आले नाहींत. काळोख पडल्यावर एक अनोळखी गृहस्थ त्यांना हात धरून घेऊन आले; दुसऱ्या हातांत वडिलांची सायकल होती. वडील घामानें भिजले होते आणि त्यांची जीभ अडखळत होती. ते फुटपाथवर बसून राहिले होते. जाणारायेणारांना वाटलें, प्यालेला माणूस आहे. त्या गृहस्थांनीं मात्र थांबून विचारपूस केली आणि दोन कप गोड चहा पाजला. आईनें विचारलें, “खिशांत साखर नव्हती का ?” वडिलांनीं रिकामा कागद बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलें, आणि तो पुन्हां खिशांत ठेवला. “भरावयाची राहिली,” एवढेंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बुशकोटाच्या दोन्ही खिशांत पुडी असे. डाव्या खिशांतली माझी, असें ते कधींहि म्हणाले नाहींत. ती रोज संध्याकाळीं रिकामी होई, आणि रोज सकाळीं भरलेली असे. उजव्या खिशाला मीं पुन्हां हात लावला नाहीं.

शास्त्रज्ञ म्हणतील कीं, इन्शुलिननें साखर उतरणें आणि धांवण्यानें सांठा संपणें या दोन अवस्था सर्वस्वीं एक नव्हेत. तें मला मान्य आहे. पण थंड घाम, थरथरणारे हात आणि न जमणारी वजाबाकी यांची ओळख मला पंचेचाळीस वर्षांनंतर, वडील नसतांना, त्या फुटपाथवर झाली. मीं त्यांच्या खिशांतून काय काढून घेतलें होतें, हें तोंवर मला नुसतें माहीत होतें.

ही हकीकत मीं त्या पुडीच्या जाबजबाबाच्या दिवशींच आमच्या कुटुंबाला प्रथम सांगितली. तिनें ती ऐकून घेतली, आणि कांहीं न बोलतां धुण्याकडे वळली. पुढच्या रविवारीं मला लांबचा सराव होता. पहाटे उठून पाहतों, तों बुटांशेजारीं तीन पुड्या ओळीनें मांडून ठेवलेल्या.

“मोजून ठेवल्या आहेत,” आंतून आवाज आला. “उरवून आणूं नका.”