परदेशात एकटी आई आणि जुलाब झालेलं बाळ



माझ्या पेण आणि रोह्याच्या दवाखान्यात हल्ली काही पेशंट मोबाईलमधून येतात. आजी समोर स्टुलावर बसलेली असते आणि तिच्या हातातल्या पडद्यावर परदेशातलं नातवंड रडत असतं. धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेली मुलं पुढे आखातात गेली, कुणी जर्मनीला, कुणी कॅनडाला. बाळं तिकडेच झाली. बाळ आजारी पडलं की फोन मात्र इकडे येतो.

असाच एक फोन मला गेल्या वर्षी आला. रोह्याची मुलगी, राहते जर्मनीत. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी नवरा इकडे आला होता आणि ती वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन तिकडे एकटी होती. मुलाला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. तिथे रात्रीचे बारा वाजले होते, आपल्याकडे पहाटेचे साडेचार. "डॉक्टरकाका, इथल्या डॉक्टरांनी काहीच दिलं नाही. नुसतं पाणी पाजा म्हणाले."

फोनवर सासूबाईही होत्या. त्यांचं म्हणणं एकच : "सलाईन का नाही लावत ते?"

हा प्रश्न मला रोज विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लहान मुलांचे असे जुलाब बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतात आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. धोका असतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. आतडं बिघडलेलं असलं तरी त्यातली एक वाट चालू राहते. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले, तर ते आतड्यातून एकमेकांच्या हाताला धरून आत शिरतात आणि पाण्यालाही बरोबर ओढून नेतात. ओआरएस म्हणजे एवढंच.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांवरच सोपवलं. एरवी अशा ठिकाणी शंभरातले तीसेक पेशंट दगावत. तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आलं. देश सोडून आलेल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी बसलेल्या आयांनी कप-चमच्याने ही मुलं वाचवली. तेव्हा "नुसतं पाणी" या शब्दांना हसू नका.

मी तिला औषध लिहून दिलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये आलेली आपली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं भारताबाहेरच्या पेशंटला लागू होत नाहीत. आणि पडद्यावरून बाळाचं पोट दाबून बघता येत नाही, हे त्याहून मोठं कारण. पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं नीट कसं करायचं, ते समजावता येतं.

पहिली गोष्ट, पुडीवर काय लिहिलंय ते वाच म्हटलं. आपल्याकडची मोठी पुडी १ लिटर पाण्यात घालायची असते. तिच्याकडची २०० मिलीची होती आणि ती भारतातल्या सवयीने लिटरभर पाणी काढून बसली होती. तसं केलं असतं तर क्षार फारच कमी पडले असते. उलटं केलं, म्हणजे मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवली, तर मीठ जास्त होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरं, घाई नको. तहानलेलं मूल वाटीभर पाणी गटागटा पितं आणि सगळं उलटून टाकतं. मग आई म्हणते, पोटात काही टिकतच नाही. दर दीड मिनिटाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, दिलं तर तासाला २०० मिली आणि चार तासांत ८०० मिली जातात. पाणी कमी झालेल्या ११ किलोच्या बाळाला चार तासांत साधारण तेवढंच लागतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मात्र हे काम किती जीवघेणं आहे ते आम्ही डॉक्टर पटकन विसरतो. चार तास दीड-दीड मिनिटाला चमचा, मांडीवर किरकिरणारं मूल आणि घरात दुसरा माणूस नाही! रोह्यात असती तर एक चमचा आजीने, एक आत्याने दिला असता.

दुसऱ्या रात्री तिलाही उलट्या सुरू झाल्या. आईला तोच संसर्ग होणं अगदी नेहमीचं आहे. आता मला खरी काळजी वाटली. एकट्या घरात आईच चक्कर येऊन पडली तर? शेजारच्यांची बेल वाजव म्हटलं, तर ती तयार होईना. परदेशात सरकारी माणसं मुलं काढून नेतात अशा बातम्या तिने वाचल्या होत्या. त्या भीतीपोटी काही आया दवाखान्यातही उशिरा जातात. मी तिला स्पष्ट सांगितलं : मदत मागणारी आई म्हणजे निष्काळजी आई नव्हे. किल्ली शेजारी दे आणि घराचा पत्ता जर्मनमध्ये लिहून दाराजवळ चिकटव. फोन करताना घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

जर्मनीत रात्री-अपरात्री साध्या आजाराला ११६११७ हा नंबर आहे, इंग्लंडात १११. जिवावरचं असेल तर युरोपभर ११२, अमेरिकेत ९११, अमिरातीत रुग्णवाहिकेला ९९८. जिथे राहता तिथला नंबर आजच फ्रिजवर लावा.

आणि हे दिसलं तर मला फोन न करता थेट तिथे फोन करा : बाळ गुंगीत आहे, उठवलं तरी नीट उठत नाही, सहा ते आठ तास डायपर कोरडा आहे, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, शौचात रक्त आहे, उलटी हिरवी आहे, श्वास जोरात चाललाय किंवा झटका आला. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

शेवटी तिने बेल वाजवली. शेजारच्या बाई सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. तिथे बाळाचं वजन केलं, ते आदल्या महिन्यापेक्षा थोडंच कमी भरलं. म्हणजे चमचे पोचले होते. सलाईन लागलं नाही.

आता इकडच्या आजी-आजोबांसाठी. काकू, "काय खायला घातलंस त्याला?" हा प्रश्न फोनवर विचारू नका. दृष्ट व्हिडिओ कॉलवर काढा हवी तर, माझी हरकत नाही. पण जुलाब थांबवायच्या गोळ्या आणि सर्दी-तापाची सिरपं बॅगेतून पाठवू नका. जुलाब बंद करणारी गोळी लहान मुलांना घातक ठरू शकते. तापाच्या सिरपची ताकद देशागणिक वेगळी : आपल्याकडे ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम, अमेरिकेत १६०. तिथे तर नावही पॅरासिटामॉल नसून अ‍ॅसिटॅमिनोफेन असतं. एक बाटली इकडची, एक तिकडची, आणि बाळाला दुप्पट डोस जातो. पाठवायचंच असेल तर चांगला थर्मामीटर आणि लसीकरणाच्या कार्डाचा फोटो पाठवा.

उलट्या थांबल्यावर अन्न बंद ठेवू नका. मऊ भात, वरणाचं पाणी, केळं, दही, अंगावरचं दूध, जे घेईल ते द्या. त्या मुलाने तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी आणलेला ब्रेडचा तुकडा मागून घेतला आणि त्याची आई, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, दुपारी तीन तास "मेल्यासारखी" झोपली.